साहेबांच्या दोन गिन्न्या

"बूट काढत बसू नका," दैवशाला स्वयंपाकघरातूनच ओरडली. "आधी त्या साहेबाच्या लेकरांना बाहेर काढा. सकाळपास्नं पिंजऱ्यात नुसतं कुईकुई करून राह्यलेत. माझं डोकं उठलं."

शिवशंकरचा एक बूट निघाला होता, एक पायातच होता. तो तसाच उंबऱ्यावर बसून राहिला. घनसावंगीच्या पलीकडच्या शिवारात कापसाचे प्लॉट बघून, उसाच्या ट्रॅक्टरमागं धूळ खात, मोटारसायकल हाणत तो आत्ता कुठं घरी टेकला होता. बियाण्याच्या कंपनीत फिल्डवरच्या माणसाला रविवार असतो, पण तो कॅलेंडरात. आज एका शेतकऱ्याचं बियाणं उगवलं नव्हतं, दुसऱ्याचं उगवलं ते हरणांनी खाल्लं होतं, आणि तिसऱ्याचं इतकं झकास उगवलं होतं की पुढच्या वर्षी त्याला तेच फुकट पाहिजे होतं. तिघांनीही शिवशंकरलाच झापलं होतं.

"अगं, घोटभर पानी तरी दे."

"माठात हाय. माठाला पाय न्हाईत, तुमाला हायत."

हायत म्हणायचे, असं मनात म्हणत शिवशंकर उठला. पाय होते, पण ते गेली वीसेक वर्षं कंपनीचे होते. कंबर तर कधीच मोटारसायकलनं खाल्ली होती. आता आयुष्यात त्याचं एकच मागणं उरलं होतं, ते म्हणजे रामरावांची खुर्ची. नवीन जालन्यातल्या ऑफिसात, खिडकीशी, कूलरच्या अगदी तोंडावर ती खुर्ची होती. खाली चाकं, पाठीला टॉवेल, आणि बसल्या जागी गोल फिरायची. रामराव या महिनाअखेर रिटायर होणार होते. जन्मभर फिरतीची नोकरी केलेल्या माणसाला म्हातारपणी फिरती खुर्ची मिळावी, यात देवाचं काय जाणार होतं? पण खुर्ची देवाच्या हातात नव्हती. ती अजमतसाहेबांच्या हातात होती.

आणि अजमतसाहेबांची दोन जनावरं या घडीला शिवशंकरच्या ओसरीत होती.

साहेब मागच्या आठवड्यात मेव्हणीच्या लग्नाला पाथरीला निघाले, तेव्हा वाटेत कुंभार पिंपळगावात शिवशंकरच्या दाराशी गाडी थांबवून त्यांनी पिंजरा उतरवला. आत दोन गुबगुबीत प्राणी होते. उंदराहून मोठे, सशाहून लहान, शेपूट नाही, मान नाही, आणि चेहऱ्यावर सरकारी बाबूसारखा भाव. बदामी रंगाच्या मादीचं नाव बादाम, सायीच्या रंगाचीचं मलई.

"शिवशंकर, तुमच्याशिवाय भरोसा कुणावर ठेवणार?" साहेब म्हणाले.

"हौ साहेब. ते रामरावच्या जागेचं तेवढं..."

"आल्यावर बोलू ना. बिलकुल बोलू."

साहेबांची मुलगी फरहीन डोळे पुसत सूचना देत होती. "अंकल, इनको रोज पिंजरे के बाहर फिरवायचं हां. नाहीतर पाय जाम होतात त्यांचे. घेरा करून आत सोडायचं. कोथिंबीर द्यायची. रोज फिरवायचं, भूलना नक्को."

"फिरवतो की बेटा," शिवशंकर म्हणाला. तो स्वतः रोज दिवसभर फिरत होताच, त्यात आणखी दोघींची भर.

प्राणी गिनी पिग जातीचे, पण साहेबांच्या घरी त्यांना नुसतं 'गिनी' म्हणत. पुढचा इंग्रजी शब्द उच्चारायची बंदी होती. साहेबांच्या आई गौहरबी यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "जानवर पालो, मैं दुवा देती. मगर उसका सरनेम मेरे घर में नक्को." म्हणून आडनाव गळालं आणि गिनी उरली. शिवशंकरच्या तोंडी आल्यावर तिची गिन्नी झाली.

शिवशंकरची आई जयवंताबाई हिला तर हा प्रकारच पटला नव्हता. "गिनी म्हंजी गवत असतंय," ती म्हणाली होती. "म्हशीला घालत्यात. गवताला कशाला फिरवायचं?" पण पिंजऱ्यात बोट घालून बादामचं कपाळ खाजवल्यावर ती गप्प झाली. जयवंताबाईचं माहेर-सासर दोन्ही मेंढरामागं हिंडणारं. गुडघे गेले तशी तिनं मेंढरं विकली आणि तेव्हापासून तिचे हात नुसतेच मांडीवर पडून असायचे.

घेऱ्याचं सुरुवातीला ठीक चाललं. बियाण्याचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके उभे करून शिवशंकरनं अंगणात गोल केला होता. पण गिन्न्यांनी चार दिवसांत घेराच खाऊन टाकला. आज जयवंताबाईनं माळ्यावरून जुनी वाघर काढून ठेवली होती. वाघर म्हणजे रानात रात्री मेंढरं कोंडायची सुती जाळी.

"ह्याच्यातनं लांडगा आत येत न्हाई," ती अभिमानानं म्हणाली.

शिवशंकरनं एक टोक निंबाला बांधलं, एक बाजेच्या पायाला, मधे दोन पहारी ठोकल्या आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. बादाम बाहेर आली, तिनं जरा वास घेतला आणि मग काही कारण नसताना टुणकन उडी मारली. मलईनंही मारली. एवढ्या आनंदाचं कारण काय ते शिवशंकरला कळेना. आपण शेवटची अशी उडी कधी मारली, ते आठवायचा त्यानं थोडा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

दैवशाला बचत गटाच्या मीटिंगला निघाली. जाताना म्हणाली, "साहेब आज येणार हायत परत. नीट ध्यान ठेवा. झोपू नका."

"मी कशाला झोपतो? बसलोय ना हितं."

तो बाजेवर बसला. मग टेकला. मग, नजर तर गिन्न्यांवरच आहे, मान उशीवर असली म्हणून काय झालं, असा विचार करून आडवा झाला. निंबाची सावली होती, वारा बेताचा होता. पुढचा विचार काही त्याला सुचला नाही.

जाग आली ती मोबाईलच्या आवाजानं.

"शिवशंकर, पाथरी सोडली आम्ही," साहेब खुशीत होते. "चाय तुमच्याकडंच. फरहीन तर खाना पण नाही खाली नीट. बच्चे कसे आहेत?"

"मजेत, साहेब," शिवशंकर म्हणाला आणि वाघरीकडं बघितलं.

वाघर होती तशी ताठ उभी होती. आत कोथिंबिरीच्या दोन काड्या होत्या. बाकी काही नव्हतं.

त्यानं फोन ठेवला आणि जवळ जाऊन जाळीच्या एका भोकात हात घातला. हात गेला. कोपरापर्यंत गेला. मेंढीचं डोकं अडेल अशी ती भोकं, गिन्न्यांसाठी ती भोकं नव्हती, वेशी होत्या. लांडगा आत येणार नाही म्हणाली होती आई. बाहेर कोण जाईल याची तिनं कुठं हमी दिली होती?

"मेलो," शिवशंकर स्वतःशीच म्हणाला. घरात कोणी नव्हतं. दैवशाला मीटिंगला, आई बाजाराला. आज आठवडी बाजार होता. गावात नुसती माणसंच नाहीत तर कुत्री, शेळ्या, टेम्पो असं सगळं दुप्पट झालेलं. त्याच्या डोळ्यांपुढून रामरावांची खुर्ची चाकांवरून घरंगळत दूर जाऊ लागली.

तो पालथा पडून बाजेखाली बघत होता, तेव्हा भिंतीवरून शेजारचे तातेराव डोकावले. कुंभार पिंपळगावात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची तर ती तातेराव सोडून सगळ्यांना सांगितली तरी चालायचं.

"काय शोधून राह्यलास रे, शिवशंकर?"

शिवशंकरची झोप अजून पुरती उतरली नव्हती. त्यात घशाला कोरड पडलेली. तो म्हणाला, "तातेराव, कुनाला बोलू नका. साहेबानं माझ्यापाशी दोन गिन्न्या ठेवायला दिल्त्या. हरवल्या."

तातेरावांच्या हातातली तंबाखू खाली पडली. कुंभार पिंपळगावात गिन्नी म्हणजे एकच. सोन्याची. तातेरावांच्या आजीच्या गळ्यात तसल्या गिन्न्यांची माळ होती, आणि ती वाटणीत त्यांच्या चुलत्याला गेली. त्या गोष्टीवरून दोन्ही घरांत अजून बोलणं नव्हतं.

"गिन्न्या?" तातेरावांचा आवाज खाली आला. "कशा व्हत्या दिसायला?"

"एक बदामी. एक जरा पांढरट, सायीच्या रंगाची."

"जुन्या असतील. निजामाच्या वख्ताच्या. पांढरट म्हंजी चांदीचा मेळ असतोय." तातेराव भिंत चढून अलीकडं आले. "वजन?"

"असंल किलोभर."

"दोन्हीचं?"

"एकीचं."

तातेराव खालीच बसले. "एक किलोची एक गिन्नी," ते स्वतःला समजावल्यासारखं म्हणाले. "आन तू आशी अंगनात ठेवल्ती?"

"साहेबानंच सांगितलं व्हतं. रोज बाहेर काढा, हवा लागू द्या. पिंजऱ्यात ठेवलं की जाम होत्यात."

"गंज चढत असंल," तातेराव म्हणाले. "मोठ्या लोकांचं मोठं असतंय बाबा. मंग गेल्या कुठं?"

"भिंतीच्या कडंकडंनं गेल्या असतील. त्यान्ला उघड्यावर भ्या वाटतंय. लई जोरात पळत्यात."

तातेरावांनी मान डोलावली. "खरं हाय. लक्ष्मी चंचल असती. माझ्या आजीची आशीच पळाली."

शिवशंकरला यातलं निम्मंच ऐकू आलं. त्याचं तोंड तोवर लाकडाच्या ढिगाखाली होतं. तातेराव "कुनाला बोलत न्हाई" म्हणत गेले, ते थेट बाजारातच गेले.

बाहेर गल्लीत पाऊल टाकलं तेव्हा शिवशंकर चमकला. नळाजवळच्या चार बायका वाकून गटारात बघत होत्या. पलीकडच्या घरचा सर्जेराव डाळीची चाळणी घेऊन माती चाळत होता. पंक्चरवाला कचरू दुकान उघडं टाकून दोरीला लोहचुंबक बांधून आला होता आणि तो गटारातून ओढत होता. लोहचुंबकाला सोनं चिकटत नाही हे तिथं दोघा-तिघांना ठाऊक होतं. पण तेवढाच एक वाटेकरी कमी झाला, म्हणून कुणी बोललं नाही. एकजण तर निंबावर चढून कावळ्याचं घरटं तपासत होता. चमकणारी वस्तू कावळा नेतो, असं बाजारात कोणीतरी म्हणालं होतं.

शिवशंकरचा ऊर भरून आला. आपल्याला वाटतं गाव आपल्याला विचारत नाही. बियाणं उगवलं नाही की शिव्या घालतं. पण बघा, वेळ आली तर सगळे कामधंदा सोडून धावले की नाही? त्याला वाटलं, माणसं वाईट नसतात.

"गड्यांनो, लई उपकार झाले," तो म्हणाला. "हळू शोधा पर. भ्यायल्या तर आनखी आत जातील."

"तू फकस्त दूर ऱ्हा," सर्जेराव चाळणीवरची नजर न काढता म्हणाला. "ज्याला घावंल त्याला घावंल."

हे उत्तर शिवशंकरला जरा विचित्र वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता. साहेबांची गाडी एव्हाना गोदावरीचा पूल ओलांडून आली असेल. बाजारकरी येतच होते. ज्यांना काय हरवलंय ते माहीत नव्हतं, तेही बाकीचे वाकलेत म्हणून वाकत होते. कोथिंबिरीची जुडी घेऊन शिवशंकर प्रत्येक कोपऱ्यात "बादाम... मलई... या गं बाई" करत हिंडला. त्यावर एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "सोनं गेलं की मानूस आसाच होतो."

शेवटी त्यानं सर्जेरावला गाठलं. "सर्ज्या, तुला कुठं एखादं जनावर दिसलं का? गुबगुबीत, बिनशेपटीचं?"

"शेपटी न्हाई बघितली. पर घुशीवानी एक दिसलं मघाशी, माझ्या कडब्यामागं."

"मंग?"

"मंग काय? हाड म्हनलं. दगूड हाणला. मधीमधी करून राह्यलं व्हतं."

शिवशंकरनं त्याची कॉलर धरली. "आरं, तीच असंल की गिन्नी!"

सर्जेरावनं शांतपणे कॉलर सोडवून घेतली. त्यानं शिवशंकरकडं दयेनं बघितलं. "दादा, घूस व्हती ती. गिन्नी सोन्याची असती. जरा पानी पी."

आणि मग शिवशंकरच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळणी. लोहचुंबक. कावळ्याचं घरटं. किलोभराची एक गिन्नी. त्यानं कपाळावर हात मारला आणि नळाच्या ओट्यावर चढला.

"आरं, ऐका रं सगळे! गिन्नी म्हंजी सोनं न्हाई! जनावर हाय जनावर! उंदरावानी असतंय! साहेबाच्या पोरीनं पाळलेलं!"

वाकलेल्या माणसांनी माना वर केल्या. मग तातेरावांनी बाजूच्याच्या कानात सांगितलं, पण ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "घावली वाटतं त्याला एक. म्हनून आता आपल्याला हाकलून राह्यलाय."

"उंदरं पाळत्यात व्हय कुठं साहेब लोकं?" एक बाई म्हणाली. "आमच्या घरी फुकट हायत, न्या म्हनावं."

त्यानंतर शोधाला आणखीच जोर आला. शिवशंकर ओट्यावरून उतरला. खरं बोलून काही होत नाही, खोटं बोलायला अंगात त्राण नाही. तो गेला आणि सर्जेरावच्या कडब्यामागं रांगू लागला. तिथून एक प्राणी खरोखरच बाहेर पडला, शिवशंकरनं झडप घातली, आणि हातात आली ती अस्सल, कुंभार पिंपळगावची, लांब शेपटीची घूस. तिनं त्याच्या अंगठ्याला चावा घेतला आणि गटारात निघून गेली.

एवढ्यात दैवशाला मीटिंगहून आली. तिनं गल्ली बघितली, नवऱ्याचा अंगठा बघितला, मग अंगणातली वाघर बघितली.

"झोपला व्हतात ना?"

"डोळे मिटले व्हते नुस्ते."

"आन गेल्या?"

"गेल्या."

दैवशाला यावर काय काय बोलेल याची शिवशंकरनं मनात तयारी केली होती. पण तिनं पदराचा काठ फाडून त्याच्या अंगठ्याला बांधला. खुर्ची फक्त त्यालाच हवी होती असं थोडंच होतं? रोज संध्याकाळी त्याच्या कमरेला तेल चोळणारे हात तिचेच होते. "चला," ती म्हणाली, "मी उकिरड्याकडं बघते, तुमी शाळेकडं बघा."

पण शाळेकडं जायची वेळच आली नाही. गल्लीच्या तोंडाशी साहेबांची पांढरी गाडी येऊन थांबली. पुढं जायला वाट नव्हती. पन्नासेक माणसं रस्त्यात गुडघ्यावर होती.

अजमतसाहेब खाली उतरले. मागून फरहीन उतरली. "ये क्या चल रहा?" साहेबांनी समोरच्या कचरूला विचारलं.

कचरूनं लोहचुंबक पाठीमागं लपवलं. "साहेब, तुमच्या गिन्न्या हरवल्या. त्या शोधून राह्यलोत सगळे."

फरहीननं हंबरडाच फोडला. साहेब जागच्या जागी उभे राहिले. ते बघत होते. म्हाताऱ्या बायका गटारात हात घालून, धोतरवाले बाप्ये पोटावर पडून, एकजण झाडावर, एक नवीन लग्नाची सून चुलीतली राख चाळतेय. साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसला. मग डोळेही पुसले.

शिवशंकर हात जोडत पुढं आला. कपड्यांना कडबा, केसात राख, अंगठ्याला चिंधी. "साहेब, माझी चूक झाली. मला जरा डोळा..."

"नाही, शिवशंकर. काही बोलू नका." साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

आता आपला निकाल लागला, असं समजून शिवशंकरनं मान खाली घातली. तेवढ्यात बाजाराच्या बाजूनं, माणसांच्या पाठींमधून वाट काढत जयवंताबाई आली. डोक्यावर वेताची पाटी, पाटीवर ओलं फडकं. "सरा की रं," ती करवादली. "काय देव सापडला काय मातीत? उठा!"

तिनं पाटी उतरवून फडकं बाजूला केलं. पाटीत मेथी होती, कोथिंबीर होती, आणि त्यात बसून बादाम आणि मलई सरकारी चेहऱ्यानं रवंथ केल्यासारख्या चावत होत्या.

"आई!" शिवशंकर ओरडला. "तुझ्यापाशी व्हत्या?"

"मंग कुनापाशी? फिरवा म्हनले व्हते ना साहेब? मंग फिरवून आनलं. बाजार दाखवला. समद्या माळणींनी एक एक काडी दिली लेकरांना. तू घोरून राह्यला व्हतास, आन ह्या वाघरीतनं निघून तुझ्या बुटात तोंड घालून बसल्या व्हत्या. म्हनलं, वास लागून मरतील."

फरहीननं दोघींना छातीशी धरलं. गल्लीतली माणसं हळूहळू गुडघ्यांवरून उठली, धूळ झटकली, आणि पाटीत डोकावून एकमेकांकडं बघू लागली. सर्जेरावनं चाळणी काखेत मारली.

चहा झाला. साहेब बाजेवर बसले होते, शिवशंकर समोर उभा होता.

"शिवशंकर, खरं सांगतो," साहेब म्हणाले. "मी ठरवलं होतं, रामरावांच्या जागेवर तुम्हालाच घ्यायचं. हेड ऑफिसला बोललो पण होतो."

"हौ, साहेब," शिवशंकर म्हणाला.

"मगर आज जे बघितलं ना! जानवर माझ्या बेटीचे, आणि पूरा गाव जमिनीवर! बाजाराचा दिवस, धंदा सोडून! ही इज्जत कुणाला मिळते? इतके साल नोकरी केली, माझ्यासाठी कोणी खाली पडलेला पेन नाही उचलला."

"साहेब, ते लोकं तसे न्हाई... ते गिन्नीसाठी..."

"हां, गिनी के वास्ते! तेच तर म्हणतो मी!" साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. "असा माणूस मी खुर्चीवर बसवून सडवू? बिलकुल नाही. खुर्चीवर तो नवा पोरगा अदनान बसेल, त्याला इकडं कोण ओळखतं? तुम्ही रिटायर होईपर्यंत फील्ड सोडायचं नाही. वादा करा."

शिवशंकरनं दैवशालाकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. ती हसतेय की रडतेय ते त्याला कळलं नाही, आणि तिलाही कळलं नसावं. त्यानं वादा केला. दुसरं करणार काय? सोन्यासाठी गाव वाकलं होतं म्हणून सांगायचं तर आपण झोपलो होतो इथून सांगायला लागणार, आणि तेवढं सांगूनही साहेबांनी हात धरून शाबासकीच दिली असती.

निघताना फरहीन पिंजरा उचलायला गेली, तर जयवंताबाई मलईला मांडीवर घेऊन बसलेली. तिचा हात मलईच्या पाठीवरून हळूहळू फिरत होता, आणि मलई डोळे मिटून घुर्र घुर्र करत होती.

"दादी, हिचा हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता," फरहीन म्हणाली.

"मेंढरं इकली तवापास्नं हात रिकामेच व्हते गं, बाय," जयवंताबाई म्हणाली. तिनं मलईला उचलून पुढं केलं, पण हात काही सोडवेना.

फरहीननं बापाकडं बघितलं. यंदा तिची दहावी होती. घरी गौहरबींची कुरकूर होतीच. बापलेकीचं दोन मिनिटं हलक्या आवाजात बोलणं झालं आणि साहेब म्हणाले, "शिवशंकर, राहू द्या दोघींना इथंच. परीक्षेपर्यंत. पुढंही राहू द्या म्हणा. रोज फिरवायचं मात्र, भूलना नक्को."

गाडी गेली. धूळ बसते न बसते तोच भिंतीवरून तातेराव डोकावले. त्यांनी आधी गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं.

"देऊन टाकल्या म्हनं साहेबानं दोन्ही? कायमच्या?"

"हौ," शिवशंकर म्हणाला.

"हुशार हाइस गड्या." तातेराव कौतुकानं हसले. "उंदरं पुढं केलीस आन खरा माल आत ठेवलास. पूरा गाव बोलून राह्यलाय. आरं, उंदरांसाठी कुनी एवढं गाव कामाला लावतंय का? आमी काय येडे हाव?" मग जवळ येऊन म्हणाले, "पेढे तरी वाट बाबा. आता तुला नोकरीची तरी काय गरज?"

शिवशंकरनं अंगठ्याची चिंधी घट्ट केली. आत पिंजऱ्यात कुईकुई सुरू झाली होती.

"उठा," दैवशाला म्हणाली. "बाजारातनं आल्यापास्नं कोंडून ठेवल्यात, पाय मोकळे करू द्या त्यान्ला. आन बाजंवर बसायचं न्हाई, झोप लागती तुमाला."

तिनं घरातून प्लास्टिकची लाल खुर्ची आणली, निंबाखाली वाघरीच्या तोंडाशी ठेवली, आणि आपल्याच पदरानं तिच्यावरची धूळ पुसली. "घ्या. बसा."

शिवशंकर बसला. खुर्ची होती, सावली होती, वाराही बरा होता. बादामनं काही कारण नसताना उडी मारली. जयवंताबाई ओसरीतून म्हणाली, "ध्यान ठेव रं," आणि तो म्हणाला, "हौ आई," आणि ध्यान ठेवत बसला.